संघीय न्यायालयात कोणता कायदा? या चुका टाळा

अमेरिकी कायदा शिकायला जाणाऱ्या आपल्याकडच्या विधी पदवीधरांच्या उत्तरांत ‘प्रक्रिया संघाची, सारभूत कायदा (म्हणजे हक्क आणि जबाबदाऱ्या ठरवणारा कायदा) राज्याचा’ हे एकच सूत्र आढळते. ईरी रेलरोड विरुद्ध टॉम्पकिन्स (१९३८) या निकालाचा तो सारांश म्हणून ठीक आहे. पण एखादा नियम प्रक्रियेचा आहे की नाही हाच बहुधा वादाचा मुद्दा असतो, त्यामुळे सूत्र लिहून प्रश्न सुटत नाही.

ओक्लाहोमा सिटीत १९७५ च्या ऑगस्टमध्ये एका सुताराच्या हातोड्याखाली खिळा फुटून उजव्या डोळ्याला इजा झाली. दावा करण्याची राज्याच्या कायद्यातली दोन वर्षांची मुदत संपायच्या तोंडावर त्याने खिळ्याच्या उत्पादकावर संघीय न्यायालयात दावा दाखल केला, पण समन्स डिसेंबरमध्ये बजावले गेले. संघीय न्यायालयांच्या दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम ३ नुसार तक्रार दाखल होताच दावा सुरू होतो. हे वाचून उतावळा विद्यार्थी दावा मुदतीत असल्याचे लिहून मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये वॉकर विरुद्ध आर्मको स्टील या निकालात एकमताने उलट सांगितले: राज्याची मुदत कधी थांबते, याबद्दल नियम ३ काहीच बोलत नाही; म्हणून त्याचा राज्याच्या कायद्याशी संघर्षच नाही, आणि मुदत थांबण्यासाठी समन्स बजावणीची अट घालणारा ओक्लाहोमाचा कायदा लागू होऊन दावा मुदतबाह्य ठरतो. याउलट हॅना विरुद्ध प्लूमर (१९६५) मध्ये समन्स घरी ठेवण्याची मुभा संघीय नियमाने स्पष्ट दिली होती, म्हणून प्रत्यक्ष हाती देण्याची मॅसॅच्युसेट्सची अट मागे पडली.

म्हणून कोणताही निकाल उघडण्यापूर्वी मी संघीय नियमाचे मूळ शब्द हाताने उतरवून घेतो आणि तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे त्याखाली एका वाक्यात लिहितो. गाइडमधल्या तक्त्यांवर विसंबणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटते. परंतु वॉकर आणि हॅना यांतला फरक त्या एका वाक्यातच कळतो.

मुदतीचा कायदा ही केवळ प्रक्रिया, ही भारतातली सवय तिथे चालत नाही. गॅरंटी ट्रस्ट विरुद्ध यॉर्क (१९४५) हा निकाल पाहावा; राज्य कायद्याच्या दाव्यात राज्याची मुदत संघीय न्यायालयालाही पाळावी लागते, असे त्यात ठरले.

‘राज्याचा कायदा’ म्हणताना कोणत्या राज्याचा, हे अनेकजण विसरतात. ईरी खटल्यातला वादी टॉम्पकिन्स याला अपघात पेनसिल्व्हेनियात झाला होता आणि दावा न्यूयॉर्कमध्ये होता. क्लॅक्सन (१९४१) या निकालानुसार संघीय न्यायालय ज्या राज्यात बसते, त्या राज्याचेच कायदानिवडीचे नियम (कोणत्या राज्याचा कायदा लावायचा हे ठरवणारे नियम) पाहावे लागतात.

ईरीचा नियम केवळ पक्षकार वेगवेगळ्या राज्यांचे असतील तेव्हाच लागतो, हाही गैरसमज आहे. संघीय कायद्याखालच्या दाव्याला राज्य कायद्याचा दावा जोडला असल्यास त्या जोडदाव्याचा निर्णय राज्याच्याच कायद्याने होतो.