डाऊनीसाठी बाटलीवरचे मोठे नाव नव्हे, घटकाचा गट पाहा

ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा आता पोंग्यातून (फुगलेल्या डोळ्यातून) पाच-सात पानांवर येत आहेत आणि परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही. पाने रात्रभर ओली राहिली की डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीजन्य रोग, आठवडाभरात बाग व्यापतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसात आणि पुन्हा २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात घड कसे गेले, हे नाशिककडच्या बागायतदारांना सांगायला नको. म्हणून बाकीची कामे एका ओळीत उरकतो.

नेहमीची कामे: फेलफुटी काढणे, काडी विरळणी, बगलफुटी काढणे, शेंडा मारणे, पाण्याचा निचरा.

आता मुख्य मुद्दा. मागच्या हंगामात एका बागेत औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या आणि पुडे पाहिले. कंपन्या तीन, नावे तीन, किंमत प्रत्येक वेळी चढती. आतील घटक मात्र डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड आणि पुन्हा डायमेथोमॉर्फ असे होते, आणि हे दोन्ही घटक एकाच गटाचे, गट क्रमांक ४० चे आहेत; औषध बुरशीवर कोणत्या ठिकाणी घाव घालते, त्यावरून हा गट ठरतो. बागायतदाराला वाटले, औषध भेसळीचे निघाले. वास्तविक तिन्ही फवारण्यांनी एकाच कुलपावर घाव घातला होता आणि ज्या बुरशीला त्या घावाची बाधा होत नाही, तीच मागे राहून वाढली.

ही बाधा न होणारी बुरशी औषधामुळे तयार होत नाही. सूक्ष्मजीव आपल्या जनुकांची नक्कल करताना आपोआप चुका करतात. पेशीधारी सूक्ष्मजीवांत जनुकाच्या एका अक्षरामागे अशी चूक ढोबळमानाने अब्जावधी नकलांत एकदा होते. अब्जात एक ऐकून निश्चिंत होऊ नये, कारण पानाखालच्या पांढऱ्या लवेत बीजाणू अगणित असतात आणि बागेत अशी पाने हजारो. बदललेला बीजाणू फवारणीपूर्वीच बागेत हजर असतो. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर हेच दाखवले होते.

अझॉक्सिस्ट्रॉबीन या बुरशीनाशकाच्या गट ११ (स्ट्रॉबिल्युरीन) बाबत एकच अक्षर पुरेसे ठरले. सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिनऐवजी अॅलनिन आले की औषध लागू पडत नाही, आणि असा डाऊनी महाराष्ट्रातील बागांतही आढळला आहे. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठी मारलेले स्ट्रॉबिल्युरीनही डाऊनीवर हीच निवड करते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे इतर पिकांतही घडले आहे: बटाट्याच्या करप्यावरचे मेटॅलॅक्झिल हे औषध १९७७ मध्ये बाजारात आले आणि १९८० मध्येच आयर्लंड व नेदरलँड्समध्ये निकामी ठरू लागले.

मॅन्कोझेब आणि ताम्रयुक्त औषधे बुरशीवर अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे एका अक्षराच्या चुकीने बुरशी सुटत नाही. ती स्वस्त आहेत, म्हणून दुकानात सहसा पुढे केली जात नाहीत. पाऊस येण्यापूर्वी मॅन्कोझेब ७५ टक्के २ ग्रॅम प्रति लिटर घ्यावे. पावसानंतर सायमोक्झॅनिल ८ टक्के व मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण २ ग्रॅम प्रति लिटर घ्यावे. डायमेथोमॉर्फ ५० टक्के (१ ग्रॅम) किंवा मँडीप्रोपामिड २३.४ टक्के (०.८ मिली) घ्यायचेच असेल, तर सोबत मॅन्कोझेब २ ग्रॅम असावे. एका गटाच्या हंगामात दोनपेक्षा जास्त फवारण्या मी सुचवत नाही. निर्यातीच्या बागेत मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी आणि काढणीपूर्व कालावधी आधी पाहावा. प्रत्येक फवारणीच्या वहीत कंपनीचे नाव नव्हे, घटक आणि गट क्रमांक लिहावा.

माझा अनुभव असा की, डाऊनी आधी बागेच्या खोलगट कोपऱ्यात आणि बांधावरच्या झाडाच्या सावलीत दिसतो, जिथे सकाळी नऊपर्यंत दव वाळत नाही. फवारणीनंतर चौथ्या दिवशी तेथील तेलकट डागाची चार पाने तोडून पाणी शिंपडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बांधून ठेवावीत. सकाळी पानाखाली ताजी पांढरी लव आली, तर आधी पानाच्या खालच्या बाजूला औषध पोहोचले होते का ते तपासावे. पोहोचले असेल, तर त्या गटाची मात्रा वाढवू नये आणि त्याच गटाचे दुसरे नाव कोणी दिले तरी घेऊ नये.