वातोची चित्रं पाहताना या चुका टाळा

बागेत जमलेली जोडपी, रेशमी कपडे, कुणीतरी गिटार छेडतंय. फ्रेंच चित्रकार आंत्वान वातोच्या चित्रांवर ‘फ्रेंच श्रीमंतांची सहल’ असा शिक्का मारून माणसं पुढे सरकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोन माणसांमधली जवळीक इतक्या हळुवारपणे रंगवणारे चित्रकार फार थोडे आहेत.

चेहऱ्यावर भाव शोधणं

सगळ्यात जास्त नडते ती ही सवय. वातोचे चेहरे लहान असतात, पुष्कळदा पलीकडे वळलेले. सांगायचं ते त्याने मानेत, पाठीत, हातांत ठेवलेलं असतं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ‘सिथेराची यात्रा’ घ्या. १७१७ सालचं, १२९ बाय १९४ सेंटिमीटरचं हे चित्र उजवीकडून पाहायला सुरुवात करा. तिथे गुलाबांनी सजवलेला व्हीनसचा, म्हणजे रोमन प्रेमदेवतेचा पुतळा आहे. त्याच्यालगत एक स्त्री बसली आहे, हातात पंखा, नजर खाली. तिचा प्रियकर अगदी जवळ येऊन काहीतरी विनवतोय आणि छोटा क्युपिड, म्हणजे बालरूपातला प्रेमदेव, तिचा झगा ओढतोय. शेजारची स्त्री प्रियकराचे हात धरून उठते आहे. ती पाठमोरी आहे, आपल्याला दिसते ती फक्त तिची मान, आणि तेवढं पुरतं. तिसऱ्या जोडीतल्या पुरुषाने सोबतिणीच्या कमरेभोवती हात टाकलाय, पाऊल पुढे पडलंय, पण ती मात्र मागे वळून पाहते आहे.

शिल्पकार रोदँ या तिन्ही जोड्या सलग वाचायचा: मन वळवणं, उठणं, निघणं. तसं पाहिलं की नजर आपोआप उतारावरून नावेकडे जाते. चित्र मुकं वाटत असेल तर हाच उपाय आधी करून पाहा.

गोष्टीचा निकाल लावण्याची घाई

सिथेरा हे व्हीनसचं बेट. ही मंडळी तिकडे निघाली आहेत, असंच बराच काळ मानलं जाई. १९६१ साली मायकेल लेव्ही या कला-इतिहासकाराने उलट मांडणी केली: व्हीनसचा पुतळा इथेच आहे, जोड्या जुळलेल्या आहेत, म्हणजे हे बेटावरून परत निघाले आहेत. मला लेव्हीचं पटतं. जायचं असेल तर त्या तिसरीचं वळणं म्हणजे संकोच, परतायचं असेल तर हुरहुर. वातोने दोन्हीला जागा ठेवली आहे, तेव्हा दोन्ही अर्थ मनात धरून चित्राकडे पुन्हा पाहा. चित्रकला-शिल्पकलेच्या ज्या फ्रेंच राजअकादमीसाठी हे चित्र रंगवलं, तिच्या नोंदीतही आधीचं शीर्षक खोडून नुसतं ‘फेत गालांत’, म्हणजे प्रेमीजनांचा मेळा, असं लिहिलेलं आहे.

आजारपणातून सगळं उलगडणं

वातोची प्रकृती नाजूक होती आणि १७२१ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. म्हणून प्रत्येक बागेत मृत्यूची सावली शोधली जाते. मला त्याच्या कामाची पद्धत जास्त बोलकी वाटते. तो लाल, काळ्या आणि पांढऱ्या खडूने माणसं वहीत रेखाटून ठेवायचा आणि पुढे त्यांतल्या आकृती उचलून चित्रात बसवायचा. एकच आकृती वेगवेगळ्या चित्रांत भेटते ती त्यामुळे. खेटून बसलेली माणसंही आपापल्या विचारात असल्यासारखी दिसतात, त्यामागेही ही पद्धत असावी. त्या अंतरामुळेच त्यांची जवळीक खरी वाटते.

फ्रागोनार या चित्रकाराच्या १७६७ मधल्या ‘झोका’ या चित्राशी याची गल्लत करू नका. तिथे झुडपात लपलेल्या प्रियकराची खोडकर गंमत आहे. वातो अशी गंमत करत नाही.

रंग मळकट दिसत असतील तर

वातो रंगात तेल जास्त घालायचा, घाईने काम करायचा. त्याची कितीतरी चित्रं त्यामुळे काळवंडली, तडकली. तेव्हा प्रत्येक काळोख्या झाडीला उदास मनःस्थिती समजू नका. मोबाईलवर पाहत असाल तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा मोठा फोटो उघडा आणि हातांपर्यंत झूम करा. आपण कोणती प्रत पाहतोय तेही तपासा. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात याच विषयाचं नंतरचं चित्र आहे. त्यात व्हीनसचा पुतळा वेगळा आहे, होडी ठळक आहे आणि तिच्या डोलकाठीभोवती क्युपिडांची गर्दी आहे.