ब्राउझर हायजॅकर काढताना या चुका टाळा

ब्राउझर उघडताच अनोळखी सर्च पेज दिसू लागले की बहुतेक जण सेटिंग्जमध्ये जाऊन होमपेज पूर्ववत करतात आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर तेच पान परत आलेले पाहून चक्रावतात. बदललेले होमपेज हे केवळ लक्षण असते. ते बदलणारा प्रोग्रॅम किंवा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम), म्हणजेच ब्राउझर हायजॅकर, जागेवरच राहिले, तर दुरुस्त केलेली सेटिंग पुन्हा बिघडणारच.

त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे त्याच बाधित ब्राउझरमध्ये उपाय शोधणे. शोधाचे निकालच हायजॅकरच्या हातात असल्याने सर्वांत वर दिसणारा ‘मोफत क्लीनर’ हा नवा उपद्रव असू शकतो. साफसफाईचे सॉफ्टवेअर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. जुन्या लेखांवरही विसंबू नये. त्यांत हमखास सुचवलेले क्रोमचे क्लीनअप टूल गूगलने २०२३ मध्येच बंद केले आहे.

घाईघाईने केलेल्या सफाईत क्रम चुकतो. ब्राउझरचे सिंक (खात्यामार्फत सर्व उपकरणांवर सेटिंग्ज सारख्या ठेवणारी सोय) चालू असेल, तर या संगणकावरून काढलेले एक्स्टेन्शन किंवा सेटिंग खात्यातून परत येऊ शकते. म्हणून आधी सिंक थांबवावे. त्यानंतर इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढावेत, मग एक्स्टेन्शन काढावीत, मग स्कॅन करावे आणि ब्राउझर रीसेट करण्याचे काम शेवटी ठेवावे. रीसेट आधी करणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणे होय.

एवढे करूनही उपद्रव परतला, तर तो बहुधा ब्राउझरच्या बाहेर दडलेला असतो आणि नेमके तिथेच कोणी पाहत नाही. डेस्कटॉपवरील शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात. ‘टार्गेट’ रकान्यात प्रोग्रॅमच्या नावापुढे एखादा वेबपत्ता चिकटवलेला आढळल्यास तेवढाच पुसावा. कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये लॉगिन होताच एखादे पान उघडणारे काम नोंदवलेले असू शकते. इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी प्रॉक्सी सेटिंग आणि वेबपत्ता कुठे न्यायचा हे ठरवू शकणारी होस्ट्स फाइलही तपासावी. घरच्या संगणकावर क्रोमचा मेन्यू ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ असे सांगत असेल, तर कोणीतरी पॉलिसी (ब्राउझरवर सक्तीने लादलेली सेटिंग) घातली आहे आणि अशा पॉलिसीतून लादलेल्या एक्स्टेन्शनचे ‘रिमूव्ह’ बटण चालतच नाही. मात्र काही अँटिव्हायरसही पॉलिसी वापरतात, त्यामुळे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीतील पॉलिसीची नोंद पुसण्यापूर्वी तिचा स्रोत पाहावा आणि बॅकअप घ्यावा. घरातील सर्वच उपकरणे चुकीच्या पानांवर जात असतील, तर संगणकाला दोष न देता राउटरचे डीएनएस (वेबपत्त्यावरून सर्व्हर शोधून देणारी सेटिंग) तपासणे योग्य.

काही वेळा व्हायरस मुळात नसतोच. कोपऱ्यात सतत उगवणारे ‘तुमचा संगणक बाधित आहे’ असे इशारे अनेकदा एखाद्या संकेतस्थळाला नकळत दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून येतात. ती रद्द केली की ते थांबतात. त्या इशाऱ्यातील दूरध्वनी क्रमांकावर मात्र कधीही फोन करू नये.

एकाच वेळी दोन अँटिव्हायरसचे सततचे संरक्षण चालू ठेवल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. चिवट मालवेअरसाठी विंडोज सिक्युरिटीमधील ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ अधिक उपयोगी पडते, कारण ते विंडोज सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मालवेअर जागे नसताना, तपासणी करते. यात संगणक रीस्टार्ट होत असल्याने उघड्या फाइली आधी जतन कराव्यात. साधारण १५ मिनिटे लागतात.

पासवर्ड बदलण्याचीही घाई नको. बाधित संगणकावर टाइप केलेला नवा पासवर्डही चोरीला जाऊ शकतो, म्हणून स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा. चोरलेल्या कुकीच्या (ब्राउझरमध्ये लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीच्या) आधारे पासवर्डविनाही खात्यात शिरता येत असल्यामुळे ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ हा पर्याय त्याच बैठकीत वापरावा.