गयानासारख्या छोट्या देशात जंगल तुटलं तर कार्बन किती सुटतो, कसं मोजायचं

दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचा जवळपास ८५ टक्के भाग जंगल आहे, अन् तिथं जंगल जातं ते मुख्यतः सोन्याच्या खाणींपायी. म्हणून आधी सॅटेलाइटच्या फोटोंवरून किती हेक्टर तुटलं ते काढा, लँडसॅट या सॅटेलाइटचे फोटो फुकट मिळतात, फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन.

मग प्लॉट, म्हणजे जंगलात मोजून आखलेला तुकडा, त्यातली झाडं मोजून हेक्टरी वजन काढायचं. झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर टेपनं घ्यायचा, ३.१४ नं भागला की व्यास. पण पावसाळी जंगलातल्या मोठ्या झाडांना बुंध्याशी फळ्यांसारखी मुळं फुटलेली असतात, टेप त्यांच्यावरून गुंडाळली तर घेर भलताच मोठा येतो अन् पुढचं सगळं गणित फुगतं, म्हणून मुळं जिथं संपतात त्याच्या वर मोजा. नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या झाडांवर हात बसवून घ्या आधी, टेप आडवी अन् ताणलेली हवी बाप्पा, तिरपी नको. व्यास, उंची अन् लाकडाची घनता यांवरून सूत्रानं कोरडं वजन निघतं.

आता समजा १० हेक्टर तुटलं, हेक्टरी ४०० टन कोरडं वजन. त्यातलं ४७ टक्के कार्बन धरतात, म्हणजे १,८८० टन. त्याला ४४/१२ नं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड अन् कार्बन यांच्या वजनाच्या प्रमाणानं, गुणलं की साधारण ६,८९३ टन कार्बन डायऑक्साइड, तेही सगळा कार्बन हवेत गेला असं धरून. जमिनीखालची मुळं अन् मातीतला कार्बन वेगळा धरा, तो लोक हमखास विसरतात अन् मला ते फार खटकतं.