रूट बरोबर, तरी संदेश भलतीकडे: अपाची कॅमलमधल्या या चुका टाळा

अपाची कॅमल म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम्समध्ये संदेश ने-आण करणारी जावा फ्रेमवर्क. तिच्यात रूट, म्हणजे संदेशाचा मार्ग, लिहायला दोन ओळी पुरतात. एकीत 'फ्रॉम' (कुठून), दुसरीत 'टू' (कुठे). पण त्या दोन ओळींमधून नुसती बॉडी, म्हणजे संदेशाचा मजकूर, जात नाही. आलेली सगळी हेडर्स (संदेशाला जोडलेली जास्तीची माहिती) सोबत जातात, आणि उत्तरासाठी थांबायचं की नाही हेही एक्स्चेंजवर, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या वेष्टनावर, आधीच ठरलेलं असतं. माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक अडचणी या न दिसणाऱ्या सामानातून आलेल्या असतात.

आलेली एचटीटीपी हेडर्स तशीच पुढे सोडणं

सर्व्हलेटवर (वेब रिक्वेस्ट घेणाऱ्या जावा घटकावर) रिक्वेस्ट घेतली आणि एचटीटीपी कंपोनंटने दुसऱ्या सर्व्हिसकडे पाठवली, की 'इनव्हॅलिड यूआरआय' अशी एरर येते. पत्ता दहा वेळा तपासला तरी बरोबरच असतो. कारण वेगळंच असतं: आलेल्या रिक्वेस्टचं 'कॅमलएचटीटीपीयूआरआय' हेडर अजून संदेशावर आहे, आणि कॅमल तुमच्या पत्त्यापेक्षा त्याला जास्त मानतो. एररमध्येच 'ब्रिजएंडपॉइंट' (ते हेडर सोडून तुमचाच पत्ता वापरायला लावणारा पर्याय) चालू करा असं सुचवलेलं असतं. लोक ते करतात आणि मग 404 (पत्ता सापडला नाही) मिळतो, कारण 'कॅमलएचटीटीपीपाथ' तसंच राहतं आणि त्यातला पाथ नव्या पत्त्याच्या शेवटी चिकटतो. मूळ कॉल 'गेट' असेल, तर पुढचा कॉलही 'गेट'च जातो.

दुसऱ्या सर्व्हिसला स्वतंत्र कॉल करायचा असेल, तर त्याआधी 'रिमूव्हहेडर्स' लावून 'कॅमलएचटीटीपी' आणि पुढे तारांकन असा पॅटर्न द्या. क्वेरी हवी असेल तर तेवढं हेडर या काढण्यातून वगळा. ऑथरायझेशनसारखी हेडर्स आपोआप बाहेरच्या कंपनीकडे जाऊ देऊ नका. ग्राहकाचं टोकन तिसऱ्याच्या लॉगमध्ये सापडणं ही लहान गोष्ट नाही.

उत्तर नको असताना उत्तराची वाट बघणं

विम्याच्या एका प्रकल्पात सीएक्सएफ या लायब्ररीवरची सोप (एक्सएमएल संदेशांची) वेब सर्व्हिस क्लेम घ्यायची, जेएमएस क्यूवर (जावाच्या संदेशांच्या रांगेत) टाकायची आणि 'मिळाला' एवढंच कळवायची. पण बोलावणाऱ्याला 20 सेकंदांनी टाइमआउट यायचा. तो पुन्हा पाठवायचा, आणि एकच क्लेम तीनदा नोंदला जायचा. ती नोंदणी आम्हीच हाताने निस्तरली, म्हणून ही चूक मला विसरता येत नाही.

सोप कॉलला उत्तर लागतं, म्हणून एक्स्चेंज 'इनआउट' (उत्तर अपेक्षित) असतो. तोच क्यूकडे गेला की कॅमल तिथूनही उत्तराची अपेक्षा धरतो. पलीकडचा जुना लिसनर, म्हणजे क्यूवरून संदेश उचलणारा प्रोग्रॅम, उत्तर देणारा नव्हता. डिफॉल्ट मुदत 20 सेकंदांची, आणि संदेशाचं आयुष्यही तेवढंच ठरवलं जातं. त्यामुळे लिसनर बंद असेल, तर क्लेम क्यूवरच कालबाह्य होतो.

त्या एका 'टू'लाच 'इनओन्ली' (उत्तर नको) पॅटर्न द्या, आणि त्यानंतर उत्तराची बॉडी स्वतः भरा. 'सेटएक्स्चेंजपॅटर्न' वापरून पुढचा अख्खा रूट 'इनओन्ली' करू नका, सोप कॉलला उत्तर लागतंच.

बॉडी लॉग केली आणि रिकामी झाली

एचटीटीपीवरून येणारी बॉडी स्ट्रीम असते, एकदा वाचली की संपते, आणि लॉग करणं हेही वाचणंच. ती पुन्हा वाचता यावी म्हणून साठवणारं स्ट्रीम कॅशिंग कॅमल 3.17 पासून आपोआप चालू असतं. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर स्वतः चालू करा.

मधेच संदेश गळणं

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती याची, कारण इथे गेलेला संदेश परत मिळत नाही. जेएमएस कन्झ्युमर (क्यूवरून संदेश घेणारी बाजू) डिफॉल्टवर ठेवला, तर रूट चालायच्या आधीच क्यूला संदेश मिळाल्याची पोच दिली जाते. डेटाबेसची पायरी फसली, तर संदेश क्यूवर परत येत नाही. 'ट्रान्झॅक्टेड' चालू करा, म्हणजे रूट फसला तर संदेश क्यूवर परत जाईल. त्यावर 'ऑनएक्सेप्शन'मध्ये (चूक झाल्यावर काय करायचं त्या भागात) 'हँडल्ड ट्रू' लिहिलं असेल, तर कॅमल चूक निस्तरली असं समजून कमिट करतो, म्हणजे काम पूर्ण झालं असं नोंदवतो, आणि पुन्हा गळती सुरू. अशा ठिकाणी संदेश आधी डेड लेटर क्यूवर (फसलेल्या संदेशांच्या रांगेत) ठेवा, मगच हँडल्ड म्हणा.

तपासणी कुठून सुरू करायची हे विचाराल, तर संशय असलेल्या 'टू'च्या अगदी आधी लॉग एंडपॉइंट लावा आणि 'शोऑल' ट्रू ठेवा. हेडर्स, पॅटर्न, बॉडीचा प्रकार सगळं एकत्र दिसतं. हे टेस्ट सर्व्हरवरच करा, आणि काम झालं की ती ओळ काढून टाका.