या चुका टाळा: चार्टवरचा ‘वीस’, चुकीची सिरिंज आणि अर्धा कप चहा

सर्जिकल वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा तक्ता, उचला आणि श्वासाचा रकाना वरून खाली वाचा. 20, 20, 18, 20. हर्नियाचा पेशंट 20, न्यूमोनियाचा पेशंट 20, निपाणीकडं तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेले आणि दोन उशांना टेकून धापा टाकणारे आजोबाही 20. नाडीला ऑक्सिमीटर आहे, बीपीला मशीन आहे. श्वास मोजायला एक पूर्ण मिनिट आणि दोन डोळे लागतात, म्हणून नेमका तोच आकडा ठोकून दिला जातो.

पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वास वाढतो. रक्त कमी झालं, जंतुसंसर्ग पसरला, ॲसिडोसिस झाला म्हणजे रक्तातलं आम्ल वाढलं, फुप्फुसात गुठळी गेली, काहीही असो. बीपी मात्र शेवटपर्यंत दगा देतं. शरीरातलं 15 ते 30 टक्के रक्त गेलं तरी वरचं बीपी जवळजवळ जागेवर राहू शकतं, कारण रक्तवाहिन्या आवळून आणि ठोके वाढवून शरीर ते धरून ठेवतं. ते खाली येतं तेव्हा हातातला वेळ बराचसा संपलेला असतो.

पोटाच्या ऑपरेशनहून परत आलेल्या, 60 किलोच्या एका बाईंचा चार्ट डोळ्यांसमोर आणा. चार वाजता नाडी 84, बीपी 124/80. पाचला नाडी 98, बीपी 118/84. सहाला नाडी 112, बीपी 110/88. श्वास तिन्ही वेळेला 20. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, काही नाही, वरून ड्रेसिंग कोरडं. बाई म्हणतात, “सिस्टर, कसंतरी व्हायलंय.” उत्तर मिळतं, “भूल उतरायलीय, झोपा.” साडेसहाला बाई गार.

चुका मोजा. वरचं आणि खालचं बीपी तासातासाला जवळ येतंय: अंतर 44, मग 34, मग 22. रक्तस्रावाची हीच खूण आहे, पण एकेकच आकडा सुटा बघितला तर ती दिसत नाही. ड्रेनमध्ये काही न येणं म्हणजे आत काही नसणं नव्हे. नळीत गुठळी अडकली तरी बाटली रिकामीच राहते. ड्रेसिंग वरून कोरडं असतं, कारण रक्त उताराला वाहतं. कुशीखाली हात घालून चादर चाचपावी लागते. लघवी तासाला किलोमागं अर्धा मिली, म्हणजे या बाईंना किमान 30 मिली हवी होती. युरोबॅगकडं कुणी बघितलंच नाही.

आणि तो 20. पेशंट किती बिघडलाय हे मोजणाऱ्या न्यूज-2 नावाच्या गुणपद्धतीत 12 ते 20 श्वासांना शून्य गुण, 25 किंवा जास्त श्वासांना थेट 3. सहाच्या आकड्यांना नाडीचे 2 आणि बीपीचा 1 मिळून 3 गुण झाले. मोजला असता तर श्वास 28 निघाला असता आणि बेरीज 6 झाली असती. 5 किंवा जास्त झालं की डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं, असा नियम आहे. एका खोट्या आकड्यानं तो फोनच होऊ दिला नाही.

उपाय साधा आहे. मनगट हातात धरून नाडी मोजतोय असं दाखवा, पेशंटचा तोच हात त्याच्या छातीवर आडवा ठेवा आणि घड्याळाच्या काट्यावर पूर्ण 60 सेकंद हाताची वर-खाली मोजा. श्वास मोजतोय हे सांगू नका. सांगितलं की पेशंट श्वास बदलतो. 15 सेकंद मोजून चारानं गुणायचा शॉर्टकट अनियमित श्वासात सपशेल फसतो. ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) आल्यावर पहिला तास दर 15 मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासानं, मग तासातासाला, हा क्रम बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्या वॉर्डाचा वेगळा असेल तर तो पाळा, पण चार वेळचे आकडे एकदम बसून भरू नका. एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात लिहिलेले चार तास कुणालाही लांबून ओळखू येतात.

“कसंतरी व्हायलंय” हा आपल्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा तपास आहे. कन्नड पेशंट तेच “ओंद थरा आगाकत्तैती” म्हणतो. असं म्हणणाऱ्याला झोप सांगण्याआधी श्वास, नाडी, बीपी आणि साखर, चारही बघायचं.

एनबीएम (ऑपरेशनआधी तोंडावाटे काहीही नाही) म्हणजे काय, हे नातेवाइकांना कुणी नीट सांगत नाही. “काही खायला देऊ नका” म्हटलं की भाकरी थांबते, चहा थांबत नाही. “खायला कुठं दिलं, अर्धा कप चाच दिला की!” आपला चहा दुधाचा असतो, आणि भुलीच्या हिशेबात दूध पाण्यासारख्या पारदर्शक द्रवात मोजत नाहीत. त्याला जेवणासारखे 6 तास लागतात. साध्या पाण्याला 2 तास. म्हणून चहा, ताक, आंबील, पेज ही नावं घेऊन सांगा, आणि पेशंटला नव्हे, कॉटशेजारी थर्मास घेऊन बसलेल्या मावशींना सांगा.

आता इन्सुलिन. इथं घाई करणाऱ्या नव्या मुलामुलींवर खरोखर चिडावं वाटतं, कारण लेबल वाचायला पाच सेकंद लागतात. बाजारात दोन ताकदी आहेत: एका मिलीत 40 युनिट आणि एका मिलीत 100 युनिट. सिरिंजही दोन: 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी टोपीची. वॉर्डाच्या ट्रेमध्ये दोन्ही एकत्र पडलेल्या असतात आणि रात्रीच्या उजेडात लाल-केशरी सारखंच दिसतं.

नेहमी घडतं ते असं. पेशंट घरून स्वतःचं इन्सुलिन आणतो. ते पेनचं काडतूस असतं, 3 मिलीचं, 300 युनिटचं, म्हणजे 100 च्या ताकदीचं. पेन घरी राहिलेलं असतं. स्टाफ नर्स काडतुसात सुई घालून लाल सिरिंजनं 20 च्या रेघेपर्यंत ओढते. 40 च्या सिरिंजवर 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिली. अर्ध्या मिलीत गेले 50 युनिट. केसपेपरवर “20 युनिट दिले” असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. उलटी चूक झाली, म्हणजे 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज, तर 20 च्या जागी 8 च युनिट जातात. मग सकाळी साखर 380 आणि डॉक्टर डोस वाढवतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं आणि तो वाढवलेला डोस पूर्ण पोचतो.

जास्त गेलेलं इन्सुलिन ग्लार्जिनसारखं दिवसभर टिकणारं असेल तर एकदा डेक्स्ट्रोज देऊन निवांत होता येत नाही. साखर 70 च्या खाली आणि पेशंट शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली, म्हणजे 25 ग्रॅम ग्लुकोज, डॉक्टरांच्या ऑर्डरनं. मग रात्रभर तासातासाला साखर. भेटायला आलेल्यांनी आणलेला कुंदा अशा वेळी उपयोगाचा नाही: तो खव्याचा, त्यातल्या तुपाटपणामुळं साखर रक्तात सावकाश उतरते. आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर हात थरथरणं, छाती धडधडणं ही लक्षणं झाकली जातात. घाम मात्र येतो. मध्यरात्री “छान झोपलाय” दिसणाऱ्या मधुमेही पेशंटच्या मानेला हात लावून बघा. ओली असेल तर ग्लुकोमीटर आणा. त्याआधी बोट साबणानं धुऊन कोरडं करा. गूळ किंवा कुंदा लागलेलं बोट 300 दाखवतं आणि खरी कमी साखर लपते.

चांगली सवय एकच: बाटली आणि भरलेली सिरिंज दोन्ही हातात धरून दुसऱ्या स्टाफला आकडे मोठ्यानं वाचून दाखवायचे. काडतुसातून सिरिंजनं ओढायचंच नाही. दोन प्रकारच्या सिरिंजा दोन वेगळ्या डब्यांत.

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातल्यावर हवा मारून स्टेथोस्कोपनं गुडगुड ऐकणं ही तपासणी नव्हे. फुप्फुसात गेलेल्या नळीचाही तसाच आवाज येतो. आतलं पाणी ओढून पीएच बघा, 5.5 किंवा कमी हवा. शंका असेल तर एक्स-रे, आणि तोवर फीड नाही.

फोलीचा, म्हणजे लघवीच्या नळीचा, फुगा सलाईननं नको, निर्जंतुक पाण्यानं. सलाईनचे खडे बसून फुगा उतरत नाही. पुरुषांत लघवी दिसली तरी नळी फाट्यापर्यंत आत सरकवूनच फुगवा. दुखलं की लगेच थांबा.

पडून-पडून पाठीवर लाल डाग दिसला तर स्पिरिटनं चोळू नका. कूस बदला.

पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलीची प्लास्टिक ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरसारखीच दिसते. तिच्यात 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. नेहमीच्या ट्रेमध्ये ती ठेवूच नका. बाटलीत घातल्यावर बाटली चार-पाच वेळा उलटसुलट करा, नाहीतर ते तळाला बसून आधी तेवढंच जातं. हातातल्या शिरेतून तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको.

डॉक्टरांना फोन करताना “सर, पेशंट बरा नाही वाटत” म्हणून काही साधत नाही, विशेषतः पलीकडं कन्नड बोलणारे ड्युटी डॉक्टर आणि अलीकडं मराठी नर्स असेल तेव्हा. आकड्यांना भाषा लागत नाही. फोन लावण्याआधी कागदावर लिहा: “बेड 7, आतड्याचं ऑपरेशन, आज दुपारी. नाडी दोन तासांत 84 वरून 112, बीपी 110/88, श्वास 28, लघवी तासात 10 मिली. आतून रक्तस्राव वाटतोय. आत्ता येऊन बघा.” डॉक्टर काय म्हणाले ते परत वाचून दाखवा, वेळ टाका, आणि ते येईपर्यंत कॉटजवळच उभे राहा.