अस्तित्ववाद वाचायचाय? आधी रशियनांकडे जा

अस्तित्ववाद, म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य, निवड आणि मृत्यू यांना केंद्रस्थानी ठेवणारं तत्त्वज्ञान, समजून घ्यायचं म्हणून बरेच जण थेट फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र उघडतात आणि लवकरच दमतात. मी शिकणाऱ्यांना नेहमी आधी रशियन कथा वाचायला सांगतो. तीही दस्तयेव्हस्कीची जाडजूड 'ब्रदर्स करमाझोव्ह' नव्हे, तर तॉलस्तॉयची 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' (१८८६). दोन संध्याकाळी पुरतात. पडदे कसे लावायचे हे दाखवायला एक न्यायाधीश शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला खिडकीची मूठ लागते आणि तिथून दुखणं सुरू होतं. माणूस मर्त्य आहे हे त्यानं तर्कशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण ते कायस नावाच्या कुणाबद्दल! नोकर गेरासिम तासन् तास त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनं 'बीइंग अँड टाइम' (१९२७) या ग्रंथात मृत्यूचं विवेचन करताना तळटीपेत या कथेचा उल्लेख केला आहे. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'इकिरू' चित्रपटाची (१९५२) प्रेरणाही हीच कथा.

नावांना बिचकू नका. मधे वडिलांचं नाव घालायची सवय आपल्याला आहेच. दस्तयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'चा नायक रोदिओन रोमानोविच म्हणजे रोमानचा मुलगा, आणि घरच्यांसाठी रोद्या.

मग दस्तयेव्हस्कीचं 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' (१८६४) घ्या. इथे मात्र सावध राहा. तत्त्वज्ञ वॉल्टर कौफमननं १९५६ साली अस्तित्ववादाचं जे गाजलेलं संकलन केलं, त्यात या पुस्तकाचा फक्त पहिला भाग आहे: दोन अधिक दोन चार याविरुद्धचं बंड, माणसाच्या लहरीचा कैवार. आज रील्सवर फिरतात ती वाक्यंही बहुतेक याच भागातली. एकाकी तरुणांना हा निवेदक आपला वाटतो आणि मला ते समजतं. त्याचं बोलणं खरोखर झोंबतं.

पण दुसऱ्या भागात हाच माणूस नेव्हस्की रस्त्यावर एका अधिकाऱ्याला वाट द्यायची नाही असं ठरवतो. त्यासाठी पगाराची उचल घेऊन कोटाची कॉलर बदलून घेतो. शेवटी खांद्याला खांदा लागतो, तर अधिकारी वळूनही पाहत नाही. पुढे लिझा येते. वेश्यागृहातल्या या मुलीला तो सन्मानाच्या गोष्टी सांगतो, ती विश्वासानं घरी येते, तेव्हा तिचा अपमान करून हातात पाच रुबलची नोट कोंबतो. ती निघून जाते आणि चुरगळलेली नोट टेबलावर सापडते. पहिल्या भागातल्या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतं, हे इथे कळतं. लिझाला वगळून हे पुस्तक तत्त्वज्ञान म्हणून शिकवणं मला अन्यायाचं वाटतं. वेळ कमी असेल तर दुसरा भाग आधी वाचा.

एवढं झालं की सार्त्रचं १९४५चं 'एक्झिस्टेन्शियलिझम इज अ ह्युमॅनिझम' हे व्याख्यान हाती घ्या. ईश्वर नसेल तर सगळंच मुभेचं, हा दस्तयेव्हस्कीचा विचार तो तिथे अस्तित्ववादाचा आरंभबिंदू मानतो. 'ब्रदर्स करमाझोव्ह'मध्ये इव्हान करमाझोव्हचा हाच विचार घरातला नोकर स्मेर्द्याकोव्ह उचलतो आणि खून करतो. फ्रेंच लेखक काम्यूला ही बाजू जास्त खुपत असावी. 'मिथ ऑफ सिसिफस'मध्ये (१९४२) त्यानं दस्तयेव्हस्कीच्या 'डेमन्स' कादंबरीतल्या किरिलोव्हवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि १९५९ साली त्याच कादंबरीचं नाट्यरूपांतर रंगमंचावर आणलं. ते प्रकरण 'डेमन्स' संपवल्यावरच उघडा.